माळ्यावरचा थिंकपॅड

मनवेलपाड्यातल्या वन रूम किचनच्या माळ्यावर काय सापडेल, नेम नाही! २००६चा थिंकपॅड टी-६० हाती लागला, तर भंगारवाल्याला हाक मारू नका. पण लगेच चालूही करू नका, बॉस. आधी बॅटरी काढून बघा. फुगली असेल तर परत लावायची नाही. हा लॅपटॉप नुसत्या चार्जरवरही चालतो. मग हार्ड डिस्क काढून तिच्यातले फोटो दुसरीकडे उतरवा. इतकी जुनी डिस्क कधी मान टाकेल, सांगता येत नाही आणि ते फोटो काही लॅमिंग्टन रोडला मिळत नाहीत.

बाकीचं मिळतं. विरार फास्टने मुंबई सेंट्रलला उतरा, पुढे पायी. अडीच इंची साटा एसएसडी घ्या; खरा फरक तिनेच पडतो. रॅमवर पैसे उधळू नका. चार जीबी घातली तरी चिपसेटला दिसते जेमतेम तीन! पंख्यातली धूळ झाडा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला.

कोअर ड्युओवालं मॉडेल ३२ बिटचं. त्यात डेबियन १२ टाका. २०२५च्या डेबियन १३ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. आणि तो सात ओळींचा कीबोर्ड! टायपिंगला आजचे चपटे लॅपटॉप त्याच्यापुढे फिके.