एका वाड्यात दोन बिऱ्हाडे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु ज्या यंत्रावर आज मराठीची अक्षरे जुळवली जातात, त्याच्या पोटात काय चालते याविषयी भाषेच्या विद्यार्थ्याने अगदीच अनभिज्ञ राहावे, हेही बरे नव्हे. यंदा वार्षिकांकाच्या मुद्रितशोधनासाठी मला जालन्यातील एका डीटीपी केंद्रात वारंवार जावे लागले. तेथील एका जुन्या संगणकावर विंडोजच्या दोन आवृत्त्या होत्या : एक्सपी आणि विंडोज १०. यंत्र सुरू केले की काळ्या पडद्यावर दोन्ही नावे येत आणि हवी ती निवडावी लागे. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे समजून घेण्याचा मी प्रयत्न केला. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलक, पडदा, छपाईयंत्र आणि आपण वापरतो ते कार्यक्रम या सर्वांमध्ये मेळ घालण्याचे काम तिचे. एका यंत्रावर दोन कारभारी नांदवायचे तर हार्ड डिस्कचे दोन स्वतंत्र भाग पाडावे लागतात. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे राहावीत, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की एका वेळी एकच बिऱ्हाड जागे असते. दुसऱ्याला उठवायचे तर पहिल्याला निजवावे लागते.

मग कोणाला उठवायचे हे ठरते कसे? जुन्या पद्धतीचा संगणक सुरू होताच हार्ड डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटांचा कप्पा वाचतो. डिस्कचे भाग कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, याची नोंद तेथे असते. तेथून सूत्रे बूट लोडर नावाच्या छोट्या कार्यक्रमाकडे जातात. हा वाड्याचा दारवान. प्रत्येक आवृत्ती आपला दारवान बरोबर आणते. नव्या दारवानाला जुने बिऱ्हाड ठाऊक असते; जुन्याला मात्र नव्याची ओळखच नसते. म्हणून आधी जुनी आवृत्ती बसवावी व मग नवी, असा दंडक आहे. क्रम उलटला तर नवी आवृत्ती डिस्कवर शाबूत असूनही तिचे दार उघडत नाही, आणि दारवानाची दुरुस्ती करत बसावे लागते. अर्थात डिस्कचे भाग पाडण्यापूर्वी सर्व मजकुराची प्रत दुसरीकडे ठेवणे, हे शहाणपण कोणत्याही क्रमात सुटत नाही.

आता मूळ प्रश्न : जुनी आवृत्ती हवीच कशाला? याचे उत्तर आपल्या लिपीच्या इतिहासात आहे. मराठी जुळणी पुष्कळ काळ पेजमेकर या कार्यक्रमात आणि श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांत होत असे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली निघाली. त्या जुन्या फॉन्टांत २५६ जागांच्या तक्त्यात इंग्रजी अक्षरांच्या घरांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत : काना, वेलांटी, अर्धा त, रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली, की मराठी लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक सडा दिसतो. शिवाय काही सॉफ्टवेअरबरोबर डोंगल नावाचे कुलूप संगणकाला जोडावे लागे. त्याचा ३२-बिट ड्रायव्हर नव्या ६४-बिट विंडोजवर चालत नाही. म्हणून जुने बिऱ्हाड सांभाळायचे.

युनिकोडने हा घोळ मिटवला. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली, आणि विंडोज २००० पासून त्या पद्धतीचा आधार विंडोजमध्ये आला. आता ‘क’चा क्रमांक जगभर एकच, २३२५. परंतु जुने लेखन आपोआप नव्यात येत नाही. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टात डोळ्यांना दिसते तशी वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे क आधी, वेलांटी नंतर. रफाराचेही तसेच उलटे. परिवर्तक कार्यक्रम हे क्रम बदलतात खरे, पण चुका राहतातच. म्हणून शेवटी माणसानेच मुद्रिते तपासावी लागतात. आणि ते काम मराठीच्या विद्यार्थ्याचे आहे.

हे दोन संसार कायम चालवता येणार नाहीत. एक्सपीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपलेली आवृत्ती इंटरनेटला जोडणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे. नव्या धर्तीच्या अनेक यंत्रांवर तर एक्सपी थेट बसतही नाही. तेथे नव्या प्रणालीच्या पोटात जुनीचा आभासी संगणक चालवणे, हा सोयीचा मार्ग.

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यानंतरही काही वर्षे खिळे जुळवून छापलेल्या स्मरणिका आणि वार्षिकांक निघत होते. त्यांचा कागद पिवळा पडला असेल, पण आजही कोणीही ते वाचू शकतो. त्यानंतर संगणकावर जुळवलेल्या मजकुराच्या फाइली मात्र, त्या तुलनेने नव्या असूनही, एका मरणासन्न प्रणालीच्या हवाली आहेत. ज्या दिवशी ते यंत्र बंद पडेल, त्या दिवशी त्या मुक्या होतील. तेव्हा जुने बिऱ्हाड नांदते आहे तोवरच त्याचे सामान नव्या घरी हलवले पाहिजे. मराठी विभागातील विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला दोन तास दिले आणि एकेका वर्षाचा अंक युनिकोडमध्ये आणून तपासला, तर हे काम आपल्याच हातून पुरे होईल. प्राध्यापकांनी याचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.