रात्रीमागे बाराशे रुपये

भूतानची सहल आखायला कुणी आलं की विमानाचं भाडं सांगायच्या आधी मी एक आकडा सांगते : माणशी, रात्रीमागे 1,200 रुपये. हॉटेलचा दर नव्हे, हा तिथल्या सरकारचा कर. नाव ‘शाश्वत विकास शुल्क’. आम्ही सहलीच्या धंद्यातले लोक ‘एसडीएफ’ म्हणतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मा, त्याहून लहानांना माफ.

करोनाआधी भारतीयांना हा कर नव्हता. सीमेवरच्या फुंटशोलिंगला ओळखपत्र दाखवून परवाना काढला की गाडी घाट चढायला लागायची. 2020 मध्ये कायदा झाला, पण लवकरच सीमाच बंद झाल्या. वसुली सुरू झाली 23 सप्टेंबर 2022 ला, देश पुन्हा उघडला तेव्हा. डॉलर मोजणाऱ्यांना तर फारच मोठा फटका बसला. पूर्वी ते हंगामात दिवसाला किमान 250 डॉलर भरायचे, पण त्यात हॉटेल, जेवण, गाडी, गाइड सगळं यायचं. सरकारचे त्यातले 65. आता नुसतं शुल्कच 200 डॉलर झालं, राहणं-खाणं निराळं. वर्षभरातच ते 100 वर आणावं लागलं, आणि ती सवलत ऑगस्ट 2027 पर्यंत आहे.

2019 मध्ये भूतानला तीन लाखांहून जास्त पर्यटक आले होते, त्यात बहुसंख्य भारतीय. 2023 मध्ये जेमतेम लाखभर. हे दोन आकडे शेजारी ठेवून सगळा दोष कराच्या माथी मारणं मला पटत नाही. करोनातून सावरायला वेळ लागला, आणि पारोची विमानं मोजकीच, तिकिटंही महाग.

कर नेमका कुठे बोचतो ते माझ्या टेबलावर दिसतं. आई, बाबा, दहा वर्षांची मुलगी : रात्रीचे 3,000, सहा रात्रींचे 18,000. असं कुटुंब सहल रद्द करत नाही, रात्री कमी करतं. थिंफू राहतं, पारोचा तक्तसांग मठ राहतो, पुनाखाही बहुधा राहतं. पेन फिरतं ते फोबजिखाच्या खोऱ्यावर, जिथे हिवाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. त्याहून पुढचं बुमथांग तर चर्चेलाच येत नाही. सीमेवरच्या मोजणीत ती तीन माणसं तीनच राहतात. फोबजिखात घरी पाहुणे ठेवणाऱ्या बाईची खोली मात्र रिकामी राहते. म्हणून कराचा परिणाम मोजायचा तर डोकी मोजून भागणार नाही. कुठल्या खोऱ्यात किती रात्री मुक्काम झाला, हे मोजायला हवं.

हा कर असावा, असंच माझं मत आहे. भूतानमध्ये शिक्षण आणि औषधपाणी सरकार मोफत पुरवतं, आणि तिथले रस्ते, रानं आम्ही पाहुणे वापरतो. थोडे पाहुणे घ्यायचे आणि त्यांच्याकडून चांगले पैसे घ्यायचे, हे त्यांचं धोरण जुनं आहे. हरकत आहे ती सगळ्या रात्रींना एकच दर लावण्याला. 2023 च्या उन्हाळ्यात त्यांनी डॉलरवाल्यांसाठी योजना काढली होती : चार दिवसांचं शुल्क भरा, आणखी चार दिवस राहा. रुपयांत भरणाऱ्यांना ती लागू नव्हती. आम्हाला एवढी सूट नको. थिंफू-पारोच्या रात्रींचे पूर्ण पैसे घ्या, पण पुनाखाच्या पलीकडच्या रात्रींना निम्मा दर लावा. बुमथांगची पानं मग मी प्रत्येक कुटुंबापुढे ठेवीन.