साका नसलेल्या आंब्याची गोष्ट

आंबा कापला आणि आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस वासाचा गर निघाला की कुठल्याही बाईचा जीव हळहळतो. बाहेरून पाहावं तर फळ कसं केशरी, कुठे डाग नाही! ह्यालाच आपण 'साका' म्हणतो. पेणच्या बाजारातून हौसेनं आणलेल्या पेटीत असे दोन-चार निघाले म्हणजे आपण आंबेवाल्याच्या नावानं बोटं मोडतो. पण साका बाहेरून त्यालाही दिसत नाही आणि ज्याच्या बागेतून फळ आलं त्यालाही नाही.

ह्या साक्याच्या पाठीमागे वर्षानुवर्षं लागलेल्या शास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे डॉ. आर. टी. गुंजाटे. दापोलीला १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ निघालं. आज ते डॉ. बाळासाहेब सावंतांच्या नावानं ओळखलं जातं. साका आणि फळातलं कॅल्शियम यांचा काय संबंध, ह्यावर गुंजाट्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पण नुसतं कारण शोधून बागाईतदाराचं पोट कसं भरणार?

कारण हापूसचं दुखणं एकटं साक्याचं नाही. यंदा लगडला तर पुढच्या वर्षी रुसला, ही त्याची खोड. रोह्याकडच्या आमच्या नात्यातल्या एक वहिनी म्हणतात, "आंब्याचं वर्ष असलं की घरात लग्न काढायचं, नसलं की उसनवारी!" मुलीची फी, घराची कौलं, सगळं मोहोरावर अवलंबून.

म्हणून दक्षिणेकडचा, दरवर्षी धरणारा नीलम आणि आपला हापूस यांचा संकर केला. हे काम वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात झालं. मोहोराच्या एकेका तुऱ्यात फुलं शेकड्यांनी, पण बहुतेक नुसती नर. नेमकी फुलं निवडायची, हातानं परागकण लावायचे, वर पिशवी बांधायची. त्यातून हाताशी राहणार थोडीच फळं! मग कोय पेरा, रोप वाढवा, फळासाठी काही वर्षं थांबा आणि चव चाखून नापसंत झाडं बाद करा. आपल्याला लोणच्याची बरणी मुरेपर्यंत दम निघत नाही! ह्या खटाटोपातून आलेली 'रत्ना' जात १९८१ मध्ये शेतकऱ्यांना मिळाली: मोठं फळ, रेषा नाहीत, साका नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 'सिंधू' १९९२ मध्ये आली. तिची कोय इतकी पातळ की कापताना सुरी अडखळत नाही.

तरीही आपण बाजारात काय मागतो? हापूसच! मला वाटतं, रत्नाला अजून तिचा मान मिळालेला नाही, आणि त्यात आपला गिऱ्हाइकांचाही वाटा आहे.

पण दापोलीच्या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे कोयकलम. पूर्वी भेटकलम करीत. रोपाची कुंडी मोठ्या झाडाच्या फांदीशी न्यायची, त्यासाठी मचाण बांधायचं, दोघांच्या साली सोलून बांधून ठेवायचं आणि महिनोन् महिने त्या कुंडीला पाणी घालायचं. एका झाडावर अशी कलमं होणार ती किती? कोयकलमात पावसाळ्याच्या सुरुवातीला कोयी रुजत घालतात. दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस पानांचं कोवळं रोप झालं की त्याचा शेंडा कापून देठात उभी चीर देतात. चांगल्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. कोकणातली दमट हवा बाकीचं काम करते. हात हलका हवा आणि काडीची नि रोपाची जाडी जुळली पाहिजे. करंजीला मुरड घालणाऱ्या बोटांना हे अवघड नाही. १९९० मध्ये राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा कलमं भराभर हवी होती, आणि ही रीत हाताशी तयार होती.

एकाआड एक वर्षाच्या खोडीवर पॅक्लोब्युट्राझॉल नावाचं औषध मुळाशी देण्याचे प्रयोगही गुंजाटे आणि बुरोंडकर यांनी हापूसवर केले. त्यानं झाडाची नुसती पालेदार वाढ आवरते आणि मोहोर लवकर येतो. पण खतपाणी न वाढवता औषधावर भिस्त ठेवणं म्हणजे उपाशी माणसाला कामाला जुंपणं. ते जाणत्याला विचारूनच करावं.

आंबा उतरवण्याचा 'नूतन झेला'ही दापोलीचाच. त्यानं फळ देठासकट निघतं, चीक सालीवर ओघळत नाही. फळ जून झालं की फार पिकू न देता काढलं आणि काढल्यावर तापलेल्या जमिनीवर न ठेवता लगेच सावलीत नेलं, तर साक्याचं प्रमाण कमी होतं.

परसात जागा असेल तर पावसाच्या तोंडाशी कलम लावा. जोड मातीच्या वर राहू द्या, त्याच्या खालून फुटणारे धुमारे वेळच्या वेळी काढा, नाहीतर हापूसच्या जागी रायवळ वाढेल! पहिली तीन वर्षं मोहोर खुडून टाका, जिवावर आलं तरी. आणि हापूस एकटा लावू नका. त्याला स्वतःच्या परागानं फळ नीट धरत नाही, जवळ रत्ना किंवा केसर असू द्या. रोह्याजवळ किल्ल्याला विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन विचारायला संकोच नको.