धड्याचं अ‍ॅनिमेशन: आधी पटकथा, मग चित्रं

हृदयाची झडप कशी उघडते-मिटते, हे फळ्यावरच्या स्थिर आकृतीपेक्षा हलत्या चित्रातून चटकन कळतं. पाउटून, कॅन्व्हा यांसारख्या साधनांनी असा व्हिडिओ ब्राउझरमध्येच तयार होतो: चित्रं निवडायची, हालचाल ठरवायची, आवाज जोडायचा.

पटकथा मात्र आधी हवी, आणि तीही आटोपशीर. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ मधल्या अभ्यासात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ विद्यार्थ्यांना अधिक धरून ठेवतात, असं दिसलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनानुसार, निवेदनातलंच वाक्य पडद्यावरही झळकलं की शिकण्यात अडथळा येतो. विषयाशी संबंध नसलेली सजावटही लक्ष विचलित करते.

म्हणून शिक्षकांनी एका व्हिडिओत एकच संकल्पना घ्यावी आणि तो संपल्यावर मुलांना ती स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावी.