उखळ, मुसळ आणि दहा लाख पावलं

आदल्या दिवशी सकाळी मावशीच्या डाव्या मांडीच्या हाडाचं वरचं टोक करवतीने कापून काढलं होतं. हाडाच्या पोकळीत टायटॅनियमचा दांडा ठोकला होता, त्यावर गुळगुळीत गोळा आणि कंबरेच्या हाडात नवी वाटी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा संपायच्या आत फिजिओची मुलगी वॉकर घेऊन खाटेशी हजर.

"काकू, चला, उभं राहायचंय."

"अगं, टाके तरी सुकू देत की!" मावशी साताऱ्याकडची.

"टाके त्यांचं बघून घेतील. तुम्ही पाय खाली सोडा."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "उखळात डोकं घातलंय, आता मुसळाला काय भ्यायचं!" असं म्हणून उठली आणि दाराच्या दिशेने आठ पावलं चालली. मी मोजली. पुढे बरेच दिवस ती आठ पावलं माझ्या डोक्यातून गेली नाहीत. साधं मनगट मोडलं तरी सहा आठवडे प्लास्टर घालून हात हलवू देत नाहीत. इथे शरीरातलं सगळ्यात मोठं हाड कापून त्यात धातू ठोकतात आणि चोवीस तासांच्या आत त्याच्यावर उभं करतात. हे चालतं कसं?

म्हणीतलं उखळ मावशीने नकळत अगदी नेमक्या जागी वापरलं होतं. शाळेच्या पुस्तकात खुब्याच्या सांध्याला 'उखळीचा सांधा' असंच नाव आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कंबरेच्या खोलगट वाटीत बसतो आणि सगळीकडे फिरतो. आपल्याकडचे डॉक्टर रुग्णाशी बोलताना सरळ 'वाटी' म्हणतात. तिचं लॅटिन नाव अॅसिटॅब्युलम, आणि रोमन लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ व्हिनेगर ठेवायची जेवणाच्या टेबलावरची छोटी वाटी. दोन हजार वर्षांचं अंतर असलेल्या दोन भाषांना त्या हाडात स्वयंपाकघरातलंच भांडं दिसावं, याची मला फार गंमत वाटते.

आता या वाटीवर पडतं तरी किती ओझं? चालताना प्रत्येक पावलाला एक क्षण असा येतो की दुसरा पाय हवेत असतो आणि सगळं शरीर एका खुब्यावर तोललेलं असतं. पण खुबा शरीराच्या मधोमध नाही, एका बाजूला आहे. म्हणून शरीर हवेतल्या पायाकडे कलंडायला बघतं आणि कुल्ल्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू त्याला ओढून धरतात. ही एक तरफ आहे आणि ती स्नायूंवर उघड अन्याय करते: वजनाकडची बाजू लांब, स्नायूंकडची आखूड. वजन आणि स्नायूंची ओढ, दोन्हींचा भार शेवटी गोळ्यावर येतो.

हा हिशोब बराच काळ कागदावरच होता. मग बर्लिनमध्ये गेऑर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अचाट गोष्ट केली. त्यांनी रुग्णांना बसवायच्या कृत्रिम खुब्यांच्या आतच मोजमापाची यंत्रणा ठेवली. तिला बॅटरी नाही. मांडीभोवती तारेचं वेटोळं धरलं की बाहेरून वीज पोचायची आणि खुबा रेडिओवरून आपल्यावरचा भार कळवायचा. माणूस जिना चढतोय, खुर्चीतून उठतोय, आणि त्याचा खुबा आकडे सांगतोय! २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार ताशी ४ किलोमीटरने चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.४ पट भार येतो, जिना चढताना २.५ पट, उतरताना २.६ पट. म्हणजे साठ किलोच्या बाईच्या खुब्यावर दर पावलाला जवळजवळ दीड क्विंटल.

सगळ्यात थरारक आकडा मात्र अपघाताने हाती आला. मोजणी चालू असताना रुग्ण अडखळला, पडला नाही, पण सावरताना स्नायू असे आवळले की एका रुग्णात भार वजनाच्या आठपटीच्या पुढे गेला. हे वाचल्यावर मी मावशीच्या घरातली दारातली पायपुसणी, फ्रिजची लोंबती वायर आणि न्हाणीघरातला ओला पाट आधी हलवला. व्यायामाचा तक्ता नंतर भिंतीवर लावला.

काठीचं शास्त्रही इथेच उलगडतं. डावा खुबा बदलला असेल तर काठी उजव्या हातात धरायची. बहुतेक माणसं उलट करतात. दुखऱ्या बाजूलाच आधार द्यावासा वाटतो. पण काठी समोरच्या हातात असली की ती कलंडणाऱ्या शरीराला दूरच्या टोकाशी उचलून धरते. तिथला थोडासा जोर कुल्ल्याच्या स्नायूंची पुष्कळ ओढ वाचवतो आणि गोळ्यावरचा भार उतरतो. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने १९५६ साली काठी टाकून देऊ नका, अशा अर्थाच्या मथळ्याचा लेखच लिहिला होता. आणि भाजीची पिशवी? ती मात्र बदललेल्या खुब्याच्याच बाजूच्या हातात. काठी उजवीकडे, पिशवी डावीकडे. मावशीला हे पटायला दोन दिवस लागले. शेवटी मी तिला दारातल्या वजनकाट्याची दोन पारडी दाखवली, तेव्हा कुठे मान हलली.

पण दांडा निघून का येत नाही, हा माझा मूळ प्रश्न शिल्लकच होता. त्याची दोन उत्तरं आहेत आणि पहिल्यासाठी इंग्लंडात जावं लागतं.

१९५० च्या दशकात जॉन चार्नली या शल्यविशारदाकडे एक रुग्ण आला. त्याच्या खुब्यात अॅक्रिलिकचा गोळा बसवलेला होता आणि पुढे वाकलं की तो करकरायचा. जेवणाच्या टेबलावर हा माणूस काही घ्यायला वाकला की बायको म्हणे खोलीतून उठून जायची. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिला असता असा हा किस्सा. चार्नलींनी तो मनावर घेतला. करकर म्हणजे घर्षण. नैसर्गिक सांध्यातल्या कूर्चेचं घर्षण बर्फावरून घसरणाऱ्या स्केटपेक्षाही कमी असतं. मग गोळा असा निसटता करायचा तर वाटी कशाची करावी? त्यांनी टेफ्लॉन निवडलं. रुग्ण खूश झाले, पण काही वर्षांतच टेफ्लॉन झिजून त्याच्या भुकटीने आतल्या पेशी चवताळल्या. खात्री करायला चार्नलींनी टेफ्लॉनचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले. तिथेही तेच झालं.

१९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापडमागांच्या दातेरी चाकांसाठी ते वापरत असत. चार्नलींनी नखाने दाबून पाहिलं आणि बाद केलं. त्यांचे प्रयोगशाळेतले कारागीर हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परगावी असताना तो तुकडा झिजवायच्या यंत्रावर लावून दिला. तीन आठवडे यंत्र चाललं, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं तेवढंही ते झिजलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या पॉलिएथिलीनची वाटी पहिल्या रुग्णाला बसली. विलायती कापडाची होळी पुण्यात १९०५ साली झाली. त्या विलायती मागांच्या चाकांचं प्लास्टिक आज पुण्यातल्या कितीतरी खुब्यांत निमूट बसलेलं आहे! दांडा पक्का करायला चार्नलींनी दातांच्या कवळीसाठी वापरतात त्या जातीचं अॅक्रिलिक सिमेंट घेतलं. त्याला सिमेंट म्हणतात हेच योग्य आहे, कारण ते चिकटवत नाही; फरशीखालच्या मालासारखं सगळ्या फटी भरून काढतं. काही मिनिटांत कडक झालं की पाय वजन घ्यायला तयार.

मावशीच्या खुब्यात सिमेंट नव्हतं. तिचा दांडा नुसता ठोकलेला, कुऱ्हाडीच्या दांड्यात सुतार पाचर मारतो तसा. हे दुसरं उत्तर, आणि मला विचाराल तर जास्त विलक्षण. त्या दांड्याचा पृष्ठभाग खरखरीत, सूक्ष्म छिद्रांचा असतो. पुढच्या सहा ते बारा आठवड्यांत जिवंत हाड त्या छिद्रांत शिरतं आणि धातूला कवेत घेतं. अट एकच: दांडा हलता कामा नये. हलण्याची मर्यादा सुमारे ५० मायक्रॉन, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. १५० मायक्रॉनच्या पुढे हालचाल झाली तर हाडाऐवजी नुसती तंतूंची गादी तयार होते आणि दांडा ढिला राहतो. मोडलेल्या मनगटाची टोकं याच्या कित्येक पट हलू शकतात, म्हणून तिथे प्लास्टर. पाचर मात्र पहिल्या मिनिटापासून घट्ट असते, म्हणूनच ती आठ पावलं.

आणि त्या पावलांचं हाडाला आमंत्रणच लागतं. १८६६ च्या सुमारास झुरिचमध्ये हेर्मान फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा काप मांडला होता. आत जाळीदार हाडाच्या नाजूक कमानी एकमेकींना छेदत जाताना दिसत होत्या. कार्ल कुलमान नावाच्या स्थापत्य अभियंत्याची नजर त्यावर पडली आणि तो चमकला. वाकड्या मानेच्या क्रेनमध्ये ताण आणि दाब कोणत्या रेषांनी वाहतात याची जी आकृती तो काढत असे, तीच इथे हाडात कोरलेली होती. याच कुलमानचा विद्यार्थी मॉरिस केश्लँ याने पुढे आयफेल टॉवरचा पहिला आराखडा काढला. तो मनोरा बांधायच्या कितीतरी आधीपासून आपण सगळे त्याच विचाराची एक एक जाळी दोन्ही खुब्यांत घेऊन फिरत होतो.

बर्लिनच्या युलिउस वुल्फने १८९२ मध्ये याचा नियम मांडला: भार पडेल तसं हाड स्वतःला घडवतं. त्याचं गणित पुढे सगळंच टिकलं नाही, गाभा टिकला. अंतराळवीरांवर भारच नसतो, तर त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का विरळ होतं. उलट कृत्रिम दांडा फार ताठ असला आणि सगळा भार त्यानेच उचलला, तर भोवतालचं हाड बिनकामाचं होऊन पातळ पडतं. बेर्गमान यांची बोलणाऱ्या खुब्यांची नोंदवही आज बर्लिनच्या ज्या संस्थेत आहे, तिला वुल्फचंच नाव आहे.

मग डॉक्टर घालतात ती बंधनं कशाला? दांड्यासाठी नव्हे, सांध्याभोवतीच्या पिशवीसाठी. शस्त्रक्रियेत ती कापलेली असते आणि भरून येईपर्यंत गोळा वाटीतून निसटण्याचा धोका असतो. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण सहा ते बारा आठवडे खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. पुढच्या बाजूने झाली असेल तर नियम सैल असतात, म्हणून शेजारणीचे नियम पाळू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. पाश्चात्त्य देशांतल्या पुस्तिकांमध्ये मोटार आणि गोल्फ असतं. आपला संसार जमिनीवरचा! पाट, मांडी, देवपूजा, उकिडवं बसणं, भारतीय शौचालय, स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसणं. मावशीला कमोडची उंच बैठक चालली, पायांमधली उशी चालली. विळी माळ्यावर गेली तेव्हा मात्र ती दोन दिवस बोलली नाही. ओट्याशी उंच स्टुलावर बसून सुरीने भेंडी चिरणं हा तिच्या मते भेंडीचा अपमान आहे.

युरोपात खुबा बहुतेक वेळा म्हातारपणच्या झिजेने जातो. आपल्याकडे तिशी-चाळिशीतली माणसंही खूप दिसतात. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी मोजक्या. त्या तुंबल्या की हाड आतून मरतं. दारू, स्टेरॉइड आणि विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल ही त्याची ओळखीची कारणं. कोविडनंतर असे रुग्ण आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. या तरुणांचा प्रश्न वेगळा: खुबा टिकेल किती? प्रयोगशाळेत कृत्रिम खुबे झिजवून पाहतात तेव्हा दहा लाख फेऱ्या म्हणजे एक वर्ष धरतात, कारण माणूस एका पायाने वर्षाला साधारण तेवढी पावलं टाकतो. झीज वर्षांनी होत नाही, पावलांनी होते. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १०० पैकी सुमारे ५८ खुबे २५ वर्षं टिकतात, आणि ते आकडे जुन्या वाट्यांचे आहेत. हल्लीचं प्लास्टिक कितीतरी कमी झिजतं. म्हणून पावलं वाचवून ठेवू नयेत. सायकलवर तर चालण्यापेक्षाही कमी भार पडतो, जखम भरल्यावर पोहणंही उत्तम. अँडी मरेचं उदाहरण सगळे देतात: जानेवारी २०१९ मध्ये शस्त्रक्रिया, ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा खिशात. पण त्याचा गोळा कापलेला नव्हता, त्यावर धातूची टोपी चढवली होती. मावशीने टेनिसचा हट्ट धरला नाही, हे बरं.

शस्त्रक्रिया किती यशस्वी झाली हे मोजायला २०१२ पासून एक प्रश्नावली वापरतात. रात्री अंथरुणात, जिना चढताना, बराच वेळ चालताना तुम्हाला त्या सांध्याची जाणीव होते का, असं ती विचारते. कधीच होत नसेल तर पैकीच्या पैकी गुण. तीन महिन्यांनी मी मावशीला एक एक प्रश्न वाचून दाखवायला बसलो. ती मंडईत निघाली होती. "आल्यावर बघू," म्हणाली. पिशवी डाव्या हातात होती, काठी दारामागे.

विळी अजून माळ्यावरच आहे.