गडावरचे पाणी

पुणे जिल्ह्यात राजगड किल्ला आहे. समुद्रसपाटीपासून तो सुमारे साडेचार हजार फूट उंच आहे. पूर्वी त्याला मुरुंबदेवाचा डोंगर म्हणत. शिवाजी महाराजांनी तो बांधून काढला. सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याचा कारभार तिथून चालला. पुढे राजधानी रायगडावर गेली. तिथे १६७४ साली महाराजांचा राज्याभिषेक झाला.

आज राजगडावर वाड्यांची जोती तेवढी दिसतात. तटही जागोजाग ढासळला आहे. लोक घाम गाळून वर येतात आणि म्हणतात, "इथं आता काय उरलंय?" आम्ही शाळेची मुले गडावर नेत असू, तेव्हा त्यांना आधी पाणी दाखवत असू.

विचार करा. डोंगरमाथ्यावर नदी नाही. वर माणसं किती, गुरं किती! शत्रूचा वेढा पडला, की खाली उतरायची सोय नाही. धान्य कोठारात भरून ठेवता येतं. पण पाणी संपलं तर? शिबंदी कितीही शूर असो, गडाचा दरवाजा उघडावाच लागे.

म्हणून जाणती माणसं आधी पाणी पाहत, मग तट बांधत. रामचंद्रपंत अमात्य यांनी महाराजांचा कारभार जवळून पाहिला होता. त्यांनी १७१५ च्या सुमारास 'आज्ञापत्र' लिहिले. त्यात ते बजावतात, की गडावर झरा असला तरी त्यावर विसंबू नका. लढाईत तोफांच्या आवाजाने झऱ्याचे पाणी कमी होते. म्हणून टाकी, तळी करून ठेवा.

टाके म्हणजे कातळात खोदलेला हौद. आपला काळा कातळ घट्ट असतो. त्यातून पाणी सहज झिरपून जात नाही. पावसाळ्यात उतारावरून वाहणारे पाणी टाक्यात साठते. खोदताना निघालेला दगड बांधकामाला लागतो. काही टाकी कड्याच्या पोटात कोरलेली असतात. त्यांना ऊन लागत नाही, म्हणून पाणी कमी आटते.

गुंजवणे गावाकडून खडी वाट चढून चोरदरवाजाने आत गेलात, की पद्मावती तलाव लागतो. सर्वांत उंच बालेकिल्ल्यावरही चंद्रतळे आहे. चढ झेपत नसेल, तर पालीकडची पायऱ्यांची वाट धरावी. पावसात कातळ निसरडा होतो, तेव्हा जपून चालावे.

२०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले गेले. त्यांत राजगड आहे. तेव्हा तटाचा दगड हलवू नका. टाक्यात कपडे धुऊ नका, उष्टं-खरकटं टाकू नका.

आणि घरी आल्यावर आपल्या गावाकडे पाहा. पाऊस चार महिन्यांचा, तहान बारा महिन्यांची. गडावर तसंच होतं, गावातही तसंच आहे. मग आपल्या तळ्यातला गाळ पावसाआधी काढायला नको का?