निफाडचा पारा उतरतो तेव्हा

पहाटे ३. जानेवारीचा पहिला पंधरवडा. बागेत टांगलेल्या तापमापकावर ६ अंश, आणि उजाडेपर्यंत तो आणखी उतरणार. निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराची झोप या दिवसांत अशीच तुटते. ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेल्या बागेत आता मण्यांत पाणी उतरतंय. पारा १० अंशांखाली राहिला की मुळांचं काम मंदावतं, फुगवण थांबते. कडाका वाढला तर पक्व होत आलेले मणी तडकतात. तडकलेला घड निर्यातीला चालत नाही.

३.३०. नवराबायको बॅटरी घेऊन निघतात. वाटेत उसाचं रान आहे, म्हणून मोठ्यानं बोलत चालायचं. गोदाकाठचा बिबट्या उसातच मुक्कामाला असतो. "अहो, थांबा, एकटे पुढं जाऊ नका," ती म्हणते. बांधावर पाचट आणि छाटणीच्या काड्यांचे ढीग रचून ठेवलेत. ते पेटवायचे, पण जाळ वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर कडेच्या वेलींची पानं होरपळतात. धुरानं बाग वाचते असं पुष्कळ जण मानतात. मला वाटतं, जी थोडी मदत होते ती निखाऱ्यांच्या उबेची.

४.३०. खरा भरवसा पाण्यावर. विहिरीचं पाणी यावेळी हवेपेक्षा बरंच कोमट असतं. ठिबकनं सोडलं की वेलीच्या बुडाशी ऊब राहते. पण मोटारीला थ्री-फेज लागते आणि शेतीची वीज पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. या आठवड्यात पाळी दिवसाची. लाइट येईल तेव्हा ऊन वर आलेलं असेल. ज्या तासाला पाणी हवं, नेमक्या त्याच तासाला मोटार बंद.

६.३०. सगळ्यात गार वेळ ही, उजाडतानाची. राज्यभर बातम्यांत झळकणारा निफाडचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. डिसेंबर २०१८च्या अखेरीस तिथला पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. हीच थंडी गव्हा-हरभऱ्याला मानवते. एकाच बांधाच्या अलीकडे नुकसान, पलीकडे फायदा.

८. मजूर कामाला लागतात. पेठ, सुरगाण्याकडून आलेली ही कुटुंबं हंगामभर बागेशेजारीच राहतात, पत्र्याखाली नाहीतर ताडपत्रीखाली. थंडीच्या बातमीत त्यांचा उल्लेख कधी येत नाही. रात्र मात्र सर्वांत कठीण त्यांचीच जाते. आज काम पेपर लावण्याचं. दुपारी पारा २७-२८वर जातो. दिवसरात्रीच्या या तफावतीनं थॉमसनसारख्या हिरव्या वाणांत मणी गुलाबी पडतात, 'पिंक बेरी' होते. चवीत दोष नसतो, पण परदेशी ग्राहकाला एकसारखा हिरवा घड हवा. म्हणून रद्दीचा एकेक कागद एकेका घडाभोवती गुंडाळायचा. मांडवाखाली मान वर करून, हात उंचावून, दिवसभर.

१२. लाइट आली, ठिबक सुरू. बागायतदार ओळीनं पानं उलटून भुरी शोधतो. दिसली तरी मनाला येईल ते औषध मारता येत नाही. प्लॉट निर्यातीसाठी ग्रेपनेट या नोंदणी प्रणालीवर नोंदलेला आहे आणि काढणीच्या तोंडावर औषधाचा अंश मर्यादेबाहेर सापडला तर माल युरोपला जात नाही.

४. चहा घेताना विषय विम्याचा निघतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर. आणि गार हवा जड, ती उतरून नदीकाठच्या खोलगट शिवारात साचते. त्यामुळे केंद्र उंचावर असेल तर तिथं पारा निकषाच्या वर राहतो आणि खाली मणी तडकलेले असतात. तडकलेला मणी कोणत्याच नोंदीत येत नाही.

७. उद्यासाठी पाचट गोळा करून होते. जेवणं उरकून दोघं लवकर आडवी होतात.

भरपाई तापमापकावरच ठरवायची असेल, तर तो गावोगावी, खोलगट शिवारातही बसवा. आणि डिसेंबर-जानेवारीत द्राक्षपट्ट्याला पहाटे ३ ते ७ थ्री-फेज वीज द्या.